किट उघडण्याआधी एक फोटो निवडा

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

«आजीचे जुने छापील फोटो आणि तिच्या अखेरच्या वर्षांतले मोबाइलमधले फोटो एकत्र करून आम्हा भावंडांसाठी एक अल्बम करावा, असे मनात आहे. डिजिटल स्क्रॅपबुकिंगविषयी, म्हणजे संगणकावर फोटोंची सजवलेली पाने करण्याविषयी, कळल्यावर मी सहा महिन्यांत तेवीस किट (सजावटीच्या तयार चित्रांचे संच) डाउनलोड केली. काही मोफत, काही विकत. पान मात्र एकही झालेले नाही. झिप उघडली की शंभर-दीडशे फायली समोर येतात आणि काय करावे ते सुचत नाही. एकदा प्रयत्न केला, तर फुलाभोवती पांढरी चौकट दिसू लागली आणि फूल मोठे केल्यावर ते फुटले. माझा सर्वांत आवडता फोटो आजी शिलाई मशीनवर बसलेली असतानाचा आहे, पण त्याला शोभेल असे किट अजून सापडलेले नाही. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? आणखी कोणते किट घेतले म्हणजे सुरुवात करता येईल? मला चित्रकला येत नाही, तरी हे जमेल का? धाकटा भाऊ मदत करायला तयार आहे. त्याला माझ्याकडची किट पाठवली तर चालतील ना?»

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: आणखी एकही किट घेऊ नका. तेवीस किटमध्ये एका अल्बमला पुरून उरेल इतके सामान असते, आणि तुम्ही अडला आहात ते सामान कमी पडले म्हणून नाही, तर सामानापासून सुरुवात केली म्हणून. किट समोर ठेवून «याचे काय करू» असे विचारले की उत्तर मिळत नाही. फोटो समोर ठेवून «याच्याजवळ काय ठेवू» असे विचारले की हात चालू लागतो. फोटो कोणता, हे तुम्ही पत्रातच लिहून टाकले आहे. पहिले पान त्याच फोटोचे करू या.

त्याआधी पांढऱ्या चौकटीचा उलगडा करायला हवा, कारण ती अडचण समजली की किट म्हणजे काय हेही बरेचसे समजते. फुलाभोवती पांढरी चौकट येणे आणि मोठे केल्यावर फूल फुटणे, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की माझा पहिला संशय प्रिव्ह्यूवर जातो. प्रत्येक किटसोबत एक नमुनाचित्र, म्हणजेच प्रिव्ह्यू, येते. त्यात किटमधले सगळे कागद, फुले, फिती, बटणे एकत्र मांडून दाखवलेली असतात. ते चित्र फक्त पाहण्यासाठी असते आणि बहुधा सहाशे ते हजार पिक्सेल रुंदीचे असते. त्यातले फूल कापून घेतले तर हाती जेमतेम शंभर-दीडशे पिक्सेल येतात आणि त्यांच्यासोबत मागची पांढरी जागाही येते. तेच फूल किटच्या आत स्वतंत्र पीएनजी फाइलमध्ये, कदाचित हजार पिक्सेल रुंदीचे आणि पारदर्शक पार्श्वभूमीसह ठेवलेले असते. दुसरे कारणही संभवते. फूल पीएनजीच होते, पण तुम्ही ते उघडून जेपीईजी म्हणून साठवले असेल, तर जेपीईजीला पारदर्शकता ठाऊकच नसल्यामुळे रिकामी जागा पांढऱ्या रंगाने भरली गेली असणार. एवढ्यावरून एक नियम मनाशी धरा: सुटी वस्तू नेहमी पीएनजी राहू द्या, आणि प्रिव्ह्यूमधून काहीही कापून घेऊ नका.

आता किटच्या पोटात काय असते ते पाहू. कागद, म्हणजे पानाची पार्श्वभूमी, सहसा जेपीईजी फायली असतात, कारण कागदाला पारदर्शक भाग लागत नाही. फुले, फिती, टॅग, बटणे, दोरे, चौकटी या सुट्या वस्तूंना एलिमेंट म्हणतात आणि त्या पीएनजी असतात. अक्षरांचा संच असेल तर त्याला अल्फा म्हणतात. त्यात रोमन मुळाक्षरे एकेका चित्राच्या रूपात येतात. काही किटसोबत टेम्प्लेट म्हणून एक पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल येते, जिच्यात फोटो आणि कागद कुठे ठेवायचे याचे राखाडी आकार आधीच मांडलेले असतात. याशिवाय वापराच्या अटींची एक छोटी फाइल असते, जी बहुतेक जण उघडत नाहीत. तिच्याकडे मी पुढे येणार आहे. किट करणारी व्यक्ती आधी मोजके रंग ठरवते आणि मग सगळ्या वस्तू त्याच रंगांत तयार करते. म्हणूनच नवशिक्याने एका पानाला एकच किट वापरावे, असा माझा आग्रह आहे. रंगसंगतीचे काम दुसऱ्या कुणीतरी जाणकार नजरेने आधीच करून ठेवले आहे, त्याचा लाभ घ्यावा. चित्रकला येत नाही ही तुमची चिंताही इथेच मिटते, कारण या कामात रेघ ओढावी लागत नाही. वस्तू कुठे ठेवायची आणि कुठे थांबायचे, एवढेच ठरवावे लागते.

कागद साधारणपणे 12 इंच लांब आणि 12 इंच रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे साडेतीस सेंटीमीटर, असे चौकोनी असतात. हा आकार कागदी स्क्रॅपबुकच्या अल्बमवरून आला. (चिकटवहीचा छंद कागदावर फार जुना आहे, लेखक मार्क ट्वेन यांनी 1873 मध्ये पानांवर आधीच डिंक लावलेल्या, नुसते पाणी लावून कात्रणे चिकटवता येणाऱ्या वहीचे पेटंट घेतले होते.) छपाईसाठी एका इंचात 300 पिक्सेल धरले जातात, त्यामुळे डिजिटल कागद 3600 गुणिले 3600 पिक्सेलचा होतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तुमच्या पानाचा आकारही हाच असेल. एवढ्या एका पूर्ण लेयरला (पानावर एकावर एक रचलेल्या थरांपैकी एका थराला) संगणकाच्या स्मृतीत सुमारे 39 मेगाबाइट जागा लागते. दहा-बारा लेयर झाल्यावर जुना संगणक मंदावला, तर आपले काही चुकले असे समजू नका. बाकीचे प्रोग्राम बंद करा आणि काम चालू ठेवा.

तेवीस किटपैकी एक आज संध्याकाळी निवडा. निवडताना प्रिव्ह्यू फोटोशेजारी ठेवून पाहा आणि फोटोत जे रंग आहेत त्यांतला एखादा किटमध्ये आहे का, एवढेच तपासा. शिलाई मशीनचा फोटो आहे म्हणून किटमध्ये कात्री आणि सुया असायलाच हव्यात, असे मुळीच नाही. एखादा दोरा आणि एखादे बटण पुष्कळ होते, आणि तेही नसले तरी अडत नाही. तुम्हाला शोभेलसे किट सापडत नाही याचे कारण मला वाटते हेच आहे की तुम्ही विषय जुळवत होता; जुळवायचे असतात ते रंग. निवडलेल्या किटची झिप पूर्णपणे मोकळी करा, कारण झिपच्या आतच फायली उघडून काम करू लागले की त्या अनेकदा सॉफ्टवेअरमध्ये नीट येत नाहीत. मोकळ्या झालेल्या फोल्डरला किटचे आणि ते करणाऱ्याचे नाव द्या, प्रिव्ह्यू आणि अटींची फाइल त्यातच राहू द्या. उरलेली बावीस किट «नंतर» नावाच्या फोल्डरमध्ये हलवा आणि पहिली तीन पाने होईपर्यंत ते फोल्डर उघडू नका.

सॉफ्टवेअरचा प्रश्न मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात लोक उगाच महिने घालवतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर असतात आणि पीएनजीची पारदर्शकता टिकते, ते पहिल्या पानाला पुरते. फोटोशॉप आणि फोटोशॉप एलिमेंट्स यांना पैसे पडतात. गिम्प मोफत आणि मुक्त स्रोत आहे. फोटोपी हे ब्राउझरमध्येच चालते, त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे, ते पीएसडी टेम्प्लेट उघडते आणि फायली तुमच्याच संगणकावर राहतात. तुम्ही अजून काही विकत घेतलेले नसेल, तर फोटोपी किंवा गिम्पवर पाच पाने करा आणि मग ठरवा. मोबाइलवरही पाने करता येतात, पण 3600 पिक्सेलच्या पानावरची दोऱ्याची सावली बोटाने सरकवणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. शक्य असेल तर संगणकावरच काम करा.

छापील फोटो आधी स्कॅन करावा लागेल. स्कॅनरची काच मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि इंचाला 600 पिक्सेल ठेवून स्कॅन करा. चार गुणिले सहा इंचांचा फोटो त्या मापाने 2400 गुणिले 3600 पिक्सेलचा होतो, म्हणजे पानावर तो मूळ आकाराच्या दुपटीपर्यंत मोठा केला तरी छपाईत स्वच्छ येतो. स्कॅन केलेली फाइल टिफ किंवा पीएनजी म्हणून ठेवा, कारण जेपीईजी प्रत्येक वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावते. फोटो जुन्या चिकट पानांच्या अल्बममध्ये घट्ट बसला असेल तर तो ओढून काढू नका. दात साफ करायचा साधा, बिनवासाचा धागा फोटोमागून हळूहळू सरकवत नेला तर तो बहुधा सुटतो, आणि तरीही न सुटल्यास पानासकट स्कॅन करा. मोबाइलमधल्या फोटोंबाबत एकच सांगते. एकमेकांना संदेशातून पाठवलेली प्रत बहुधा आकसलेली असते, म्हणून ज्याच्या मोबाइलवर फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 गुणिले 3000 पिक्सेलचा असतो आणि तेवढ्यात तेरा इंचांपर्यंत छापता येतो.

आता पान. 3600 गुणिले 3600 पिक्सेलची आणि इंचाला 300 पिक्सेलची नवी फाइल उघडा. पहिल्या पानावर सहाच गोष्टी ठेवू: एक पार्श्वभूमीचा कागद, त्यावर फोटोपेक्षा थोडा मोठा दुसरा कागद, फोटो, एक दोरा, एक बटण आणि चार ओळी मजकूर. पार्श्वभूमीला किटमधला सर्वांत शांत कागद घ्या. मोठ्या फुलांचे, ठसठशीत नक्षीचे कागद प्रिव्ह्यूमध्ये मोहात पाडतात, पण पानभर पसरल्यावर ते आजीच्या चेहऱ्याशी भांडू लागतात. त्यांची पट्टी कापून फोटोमागे ठेवली तर तीच नक्षी छान दिसते. फोटो आणि एलिमेंट आणताना फोटोपीमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये «प्लेस» आणि गिम्पमध्ये «ओपन अ‍ॅज लेयर्स» हा पर्याय वापरा, म्हणजे प्रत्येक वस्तू स्वतःच्या लेयरवर येते. लेयरची यादी ही कागदांची चळत आहे: वरचे नाव म्हणजे वर ठेवलेली वस्तू. प्रत्येक लेयरला नाव द्या. «लेयर 14 कॉपी 2» या नावाचा अर्थ उद्या सकाळी तुम्हालाही लागणार नाही.

फोटो पानाच्या अगदी मध्यभागी ठेवण्याचा मोह आवरा. आजी मशीनवर वाकून बसली आहे, तेव्हा तिची नजर सुईकडे, म्हणजे एका बाजूला असणार. ती ज्या बाजूला पाहते आहे त्या बाजूला रिकामी जागा सोडा आणि फोटो दुसऱ्या बाजूला सरकवा. मजकूर त्या रिकाम्या जागेत बसेल आणि पाहणाऱ्याचा डोळा आपोआप आजीच्या नजरेमागून त्या ओळींकडे जाईल. दोरा फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून निघून त्या जागेकडे जाऊ द्या, आणि बटण दोऱ्याच्या टोकाला ठेवा.

इथे एक बारकावा सांगते, ज्याने साध्या पानाला जीव येतो. बटणाला दोन छिद्रे असतात. दोऱ्याचा लेयर बटणाच्या वर ठेवा, त्याला लेयर मास्क लावा आणि पडदा बराच मोठा करून, लहान काळ्या ब्रशने दोऱ्याचा तेवढाच भाग झाका जो छिद्रात शिरून बटणाच्या मागे जायला हवा. मास्कवर काळा रंग म्हणजे झाकणे आणि पांढरा रंग म्हणजे पुन्हा उघडणे. मूळ दोरा पुसला जात नाही, त्यामुळे चूक झाली तरी ती परत घेता येते. पाच मिनिटांचे हे काम आहे. पण दोरा एका छिद्रातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर आला की बटण नुसते पानावर ठेवलेले न वाटता शिवलेले वाटते, आणि आयुष्यभर बटणे शिवणाऱ्या बाईच्या पानावर ते तसेच दिसायला हवे.

त्यानंतर सावल्या. नवशिक्याचे पान आणि सरावाचे पान यांतला सर्वांत मोठा फरक सावलीत दिसतो, म्हणून इथे घाई करू नका. प्रकाश कुठून येतो ते एकदाच ठरवा. वर डावीकडून येतो असे धरले, तर प्रत्येक वस्तूची सावली खाली उजवीकडे पडली पाहिजे, एकही अपवाद न करता. सावलीचे अंतर वस्तूच्या जाडीवर ठरते. इंचाला 300 पिक्सेल या मापाने 30 पिक्सेल म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर, हे लक्षात घेतले की अंदाज बांधता येतो: कागदावर चिकटलेल्या कागदाला 6 ते 8 पिक्सेल, फोटोला 10 ते 12, बटणाला 20च्या आसपास, आणि उचललेल्या पाकळ्यांच्या फुलाला 30 किंवा थोडे जास्त. सगळ्या वस्तूंना एकच सावली दिली की फूल, फिती आणि कागद एकाच पुठ्ठ्यातून कापल्यासारखे दिसतात. सावलीची तीव्रता निम्म्याच्या आत ठेवा आणि रंग अगदी काळा न घेता पार्श्वभूमीच्या रंगाचाच गडद प्रकार घ्या. पिवळसर कागदावर गडद तपकिरी सावली खरी वाटते.

बटणाकडे पुन्हा एकदा पाहा. किटमधल्या बटणावर बहुधा एक चकाकीचा ठिपका आधीच असतो, आणि तो ज्या बाजूला आहे त्या बाजूनेच प्रकाश यायला हवा. तुम्ही बटण अर्धे फिरवले तर ठिपका खाली उजवीकडे जाईल, सावलीही खाली उजवीकडेच असेल, आणि पान पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता आले नाही तरी काहीतरी खटकेल. काही एलिमेंटना सावली आधीपासूनच चिकटवलेली असते. ती फिरवली की सावलीही फिरते, म्हणून अशा वस्तू सरळच ठेवा.

मजकुराला मी फोटोइतकेच महत्त्व देते. वीस वर्षांनी फोटोतली मशीन दिसेल, पण ती कुणाची होती, आजी त्यावर काय शिवत असे, शिवताना गुणगुणत असे की गप्प असे, हे फक्त तुम्ही लिहिले तरच उरेल. साल नक्की आठवत नसेल तर «साधारण» असे लिहून अंदाज द्या आणि फोटो कुणी काढला ते ठाऊक असल्यास त्याचे नाव घाला. अक्षरांचा आकार ठरवताना छपाईचा आकार मनात ठेवा: 12 इंचांच्या पानावरचे 12 पॉइंटचे अक्षर, तेच पान 8 इंचांत छापल्यावर 8 पॉइंटचे होते आणि वयस्क डोळ्यांना वाचवत नाही. अल्बम 8 इंचांचा करणार असाल, तर अक्षर 18 पॉइंटचे घ्या.

किटमधला अल्फा रोमन असतो, त्यामुळे मराठी शीर्षकासाठी युनिकोड फॉन्ट वापरावा लागतो. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी भलत्या जागी जात असेल किंवा जोडाक्षरे सुटी पडत असतील, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठी असलेले मजकूर-इंजिन निवडून, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि नव्या फाइलमध्ये लिहून पाहा. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ते जमलेच नाही, तर मजकूर जिथे नीट उमटतो तिथे लिहून पारदर्शक पीएनजी करून आणा. शीर्षकाला किटचा रंग द्यायची एक सुंदर युक्ती आहे: शीर्षकाच्या लेयरच्या लगेच वर किटमधला नक्षीचा कागद ठेवा आणि आल्ट कळ दाबून दोन्ही लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक करा. याला क्लिपिंग मास्क म्हणतात. फोटोशॉपमध्ये आणि फोटोपीमध्ये तो असा लावता येतो. कागद फक्त अक्षरांच्या आकारात दिसू लागतो आणि «आजी» हा शब्द जणू त्या नक्षीच्या कापडातून कापून काढल्यासारखा दिसतो. त्याला कागदाएवढी पुसट सावली दिली की किटमध्ये नसलेला देवनागरी अल्फा तुमच्या हाती येतो. गिम्पमध्ये अक्षरांच्या लेयरवर «अल्फा टू सिलेक्शन» करून, त्या निवडीचा मास्क कागदाच्या लेयरला लावला की हाच परिणाम मिळतो. टेम्प्लेटचे राखाडी आकार फोटोंनी भरण्याची रीतही नेमकी हीच आहे, म्हणून दुसरे पान टेम्प्लेटवर करा. पहिल्या पानाने लेयर कळलेले असतील, आणि टेम्प्लेट मग कोडे वाटणार नाही.

पान झाले की दोन फायली ठेवा: लेयरसकट एक, म्हणजे पीएसडी किंवा गिम्पची एक्ससीएफ, आणि छपाईसाठी सगळे लेयर एकत्र झालेली सर्वोच्च दर्जाची जेपीईजी. लेयरची फाइल हरवली तर मजकुरातली एक वेलांटीही दुरुस्त करता येणार नाही. आजीचे स्कॅन आणि पानांच्या फायली तीन प्रतींत, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर असू द्या. ती भावाकडे ठेवता येईल.

भावाला पाठवायच्या किटबद्दल मला स्पष्ट लिहायला हवे. किट विकत घेतले किंवा मोफत मिळाले तरी तुम्हाला ते वापरायची परवानगी मिळालेली असते. वाटायची बहुधा मिळालेली नसते. मोफत याचा अर्थ हक्कमुक्त असा होत नाही. बहुतेक किट वैयक्तिक वापरासाठी असतात: त्यातून पाने करावीत, छापावीत, घरच्यांना द्यावीत, तयार पान कुणालाही दाखवावे, पण किटमधल्या सुट्या फायली दुसऱ्याला देऊ नयेत. विक्रीच्या कामासाठी वेगळा परवाना लागतो. नेमकी अट किटगणिक बदलते, म्हणून मघाशी म्हटलेली ती छोटी फाइल उघडून वाचाच. दोन मिनिटे लागतात. एका किटमागे कुणाची तरी कित्येक दिवसांची मेहनत असते, आणि आजीच्या आठवणींचे पुस्तक करताना त्या मेहनतीचा मान राखला जावा, असे मला मनापासून वाटते. भावाने तेच मोफत किट स्वतः डाउनलोड करावे, विकत घेतलेले असेल तर त्यालाही त्याची प्रत घेऊ द्या, किंवा त्याहून सोपे म्हणजे कामे वाटून घ्या. जुने फोटो स्कॅन करणे, त्यांतल्या माणसांची नावे आणि साल नातेवाइकांना विचारून लिहून ठेवणे, हे त्याच्याकडे सोपवा. पाने जुळवण्यापेक्षा ते काम मोठे आहे आणि ज्यांना आठवते ती माणसे सोबत आहेत तोवरच होण्यासारखे आहे.

छपाईआधी एवढे पाहा की आजीचा चेहरा आणि मजकूर पानाच्या कडेपासून निदान एक सेंटीमीटर आत आहेत, कारण कापणीत कडेची सुमारे तीन मिलिमीटर जाऊ शकतात आणि अल्बमच्या बांधणीतही थोडा भाग दडतो. जेपीईजी एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत ठेवा, छापणाऱ्याने वेगळे काही मागितले असेल तर तसे करा. संपूर्ण अल्बम एकदम छापायला देऊ नका. हे एकच पान आधी छापून घ्या. उजळ ठेवलेल्या पडद्यावर सुंदर दिसणारे पान कागदावर अनेकदा काळवंडते, आणि आजीच्या डोळ्यांभोवतीचा भाग सावलीत बुडाला असे दिसले, तर फोटोचा लेयर थोडा उजळ करून पुन्हा एक प्रत काढा. ती खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात धरून पाहा, आणि मनासारखी आली की मगच दुसरा फोटो निवडायला बसा.